नऊ एकांचा वर्ग: शेवटी ३२० की ३२१?

कळव्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा नववीत. त्याने वहीत नऊ वेळा एक लिहून तयार होणाऱ्या संख्येला, म्हणजे १११११११११ ला, त्याच संख्येने गुणलं. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. आकड्यांची ती चढण आणि उतरण पाहून स्वारी खूश झाली. मग खात्री करायला संगणकावर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत तोच गुणाकार केला, तर शेवट ३२१ ऐवजी ३२० आला. एक्सेलने तर ३०० दाखवलं. "सर, तिघांतलं खरं कोण? शिवाय ही संख्या मूळ आहे का, हिचे विभाजक किती, हिच्यात आणखी काय आहे, असं तो रोज विचारतो. आम्ही दोघं कॉमर्सवाले, पुढचं काही सांगता येत नाही."

ताई, खरा तुमचा मुलगा. दोन्ही यंत्रं चुकली आहेत, आणि ती चुकली हे सिद्ध करायला सतरा अंकी गुणाकार पुन्हा करायचीही गरज नाही. विषम गुणिले विषम हे विषमच येतं. ३२० वर किंवा ३०० वर संपणारी संख्या सम. विषय संपला. दुसरी कसोटी हवी असेल तर आपल्या आजोबांच्या पिढीची नऊची कसोटी लावा. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. मुलाच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१, भाग जातो. जावास्क्रिप्टच्या उत्तराची बेरीज ८०, जात नाही. नौपाड्यात सत्तावीस वर्षं शिकवणी घेतोय, पण कॅल्क्युलेटर हातात आल्यावर ही कसोटी आपणहून लावणारी मुलं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

यंत्र का चुकलं तेही सांगतो, कारण ती चूक यादृच्छिक नाही. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवली जाते आणि तिच्या अंकांसाठी ५३ घरं असतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका बसतो. त्याच्या पुढे ५३ घरं पुरत नाहीत आणि दोन-दोनच्या उड्या सुरू होतात, म्हणजे फक्त सम संख्या साठवता येतात. आपली संख्या ही हद्द ओलांडून पुढे गेलेली आणि वर विषम, त्यामुळे तिला जागाच नाही. ३२० आणि ३२२ या दोन्ही शेजाऱ्यांपासून ती सारख्याच अंतरावर आहे. अशा वेळी ज्या शेजाऱ्याच्या ५३ घरांपैकी शेवटच्या घरात शून्य असेल तो निवडायचा असा नियम आहे, म्हणून ३२०. एक्सेल त्याहून हात आखडता घेतं. ते पहिले पंधरा अंक दाखवतं आणि उरलेल्या जागी शून्यं भरतं. तुम्ही कॉमर्सवाले आहात म्हणून मुद्दाम सांगतो, सोळा अंकी खाते क्रमांक किंवा कार्ड क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो तो याच कारणाने. असले क्रमांक मजकूर म्हणून ठेवायचे. मुलाला पायथन येत असेल तर तिथे करून बघू दे. पायथन पूर्णांकाला लागतील तितकी घरं देतं, त्यामुळे तिथे ३२१ च येईल.

आता संख्येकडे वळू. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहा: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. ही सतरा अंकी संख्या वाचायची कशी? भास्कराचार्यांनी लीलावतीत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. एक, दश, शत पासून सुरू होऊन ती परार्धापाशी संपतात. त्या यादीने वाचलं तर ही संख्या म्हणजे एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतरत आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. परार्धाला एक पायरी कमी. एकदा वर्गात एका मुलीला हे मोठ्याने वाचायला लावलं होतं, तर मागच्या बाकावरून "मॅडम, पुण्याहवाचन संपलं का?" असा तिला उद्देशून आवाज आला.

ही चढण-उतरण येते कुठून? गुणाकार मांडून केला की दिसतं. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेत एकच १ आहे, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असं करत मधल्या रांगेत नऊ, आणि तिथून पुन्हा कमी होत एक. प्रत्येक रांगेची बेरीज म्हणजे त्या रांगेची उंची. सर्वांत उंच रांग नऊची, म्हणून हातचा कुठेच येत नाही आणि उंची जशीच्या तशी उत्तरात उतरते. आमच्या ठाण्याच्या मुलांना दहीहंडीची उपमा आपोआप सुचते, नऊ थर.

आणि दहावा थर? दहा वेळा एक घेऊन वर्ग करा. मधली रांग आता दहाची. शून्य लिहून हातचा एक. डावीकडची रांग नऊची, हातचा धरून दहा, पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ, अधिक एक, नऊ. तिथे हातचा थांबतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब झाला! उतरणीवर तो आहे, चढणीवर नाही, कारण हातचा नेहमी डावीकडेच जातो.

हा हरवलेला ८ तुम्ही आधी कुठेतरी पाहिला असेल. १२३४५६७९ या संख्येची गंमत बऱ्याच जणांना माहीत असते. समोरच्याला आवडता अंक विचारायचा, तो ७ म्हणाला की १२३४५६७९ ला ६३ ने गुणायला सांगायचं, उत्तर ७७७७७७७७७. यामागे १२३४५६७९ × ९ = १११११११११ एवढीच गोष्ट आहे. पण ८ का नाही, हे सांगणारा क्वचित भेटतो. १ ला ९ ने भागलं तर ०.१११११... येतं, न संपणारे एक. त्याचा वर्ग म्हणजे १ भागिले ८१. आपलाच मनोरा, फक्त न संपणारा: उंची १, २, ३, ... ९, १०, ११, १२ अशी वाढतच जाते. दहाचा हातचा नवात, त्याने झालेल्या दहाचा हातचा आठात, आणि आठाचा नऊ होतो. म्हणून १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं आवर्तन येतं. दहा एकांच्या वर्गातला ८ आणि इथला ८ एकाच हातच्याने खाल्ला आहे.

आता विभाजक. इथे बहुतेक मुलं एक चूक करतात. सतरा अंकी संख्या दिसली की ३, ७, ११, १३ असा भागाकारांचा धडाका लावतात. संख्या मोठी असेल तेव्हा ती आली कुठून हे आधी विचारायचं. ही तर पूर्ण वर्ग आहे, तेव्हा ती मूळ संख्या नाही हे उघडच आहे, आणि फोडायचं तर तिला नाही, तिच्या वर्गमुळाला फोडायचं. सतराऐवजी नऊच अंक, आणि तेही सगळे एक.

नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन डबे: १११|१११|१११. म्हणजे १११ × १००१००१. त्यातला १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो: ३ × ३३३६६७. एकूण १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

आता अडलं ते ३३३६६७ पाशी. ही मूळ आहे का? सरळ पद्धतीने जायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये येतं. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. म्हणजे १०६ भागाकार. रविवारची दुपार त्यात जाईल. पण ही संख्या कुठून आली हे आपल्याला माहीत आहे, आणि तीच माहिती आता कामाला येते.

समजा एखाद्या मूळ संख्येने, तिला प म्हणू, ३३३६६७ ला भाग जातो. मग प ने १११११११११ लाही भाग जाईल आणि ९९९९९९९९९ लाही. याचा अर्थ १/प चा आवर्ती दशांश काढला तर नऊ-नऊ अंकांनी तेच ते येत राहणार. खरं आवर्तन त्याहून लहान असू शकेल, पण त्याची लांबी ९ ला भागणारीच हवी: १, ३ किंवा ९. लांबी १ देणारी मूळ संख्या ३ च (१/३ = ०.३३३...), लांबी ३ देणारी ३७ च (१/३७ = ०.०२७०२७...). ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ ने भाग जात नाही. ३७ ने भागलं तर बाकी १. दोन्ही बाद. उरली लांबी ९. आणि फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये सांगितलेल्या नियमानुसार ही लांबी प−१ ला भागते. म्हणजे प−१ हा ९ च्या पाढ्यात हवा. प विषम आहे, तेव्हा प−१ सम, म्हणजे १८ च्या पाढ्यात. थोडक्यात, प ला १८ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या किती? १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा. (३७ ही त्याच जातीची, पण ती आधीच बाद केली.) १०६ चे १६ झाले! ते सोळा भागाकार मुलाला करू द्या, कुठेच पूर्ण भाग जाणार नाही. १६३ जवळ येते, बाकी फक्त ६ उरते. १९ ची बाकी ८. बाकीच्यांची बाकी याहून मोठी येते. म्हणजे ३३३६६७ मूळ आहे. आणि हातासरशी आणखी एक गोष्ट निघाली. जिच्या व्यस्ताचं आवर्तन बरोब्बर नऊ अंकांचं आहे अशी मूळ संख्या जगात एकच, हीच. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७... करून बघा.

तर आपली मोठी संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग. विभाजक मोजायचे तर प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. विषम संख्या यायलाच हवी होती, कारण विभाजक जोड्यांनी येतात आणि पूर्ण वर्गात मधला एक, इथे १११११११११, स्वतःचाच जोडीदार असतो. सगळ्या विभाजकांची बेरीज १८,९५,४२,७९,५९,२८,२७,५७९ होते. त्यातून स्वतःला वगळलं तर ६,६०,८६,००,६०,५१,७३,२५८ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा कमी. परिपूर्ण संख्येत ही बेरीज बरोब्बर संख्येइतकी येते, तेव्हा त्यापासून ती बरीच दूर आहे. हे मुलाने विचारलं नव्हतं, पण विचारेल.

नऊची कसोटी लावताना अंकांची बेरीज ८१ आली होती. ८१ म्हणजेच ३ चा चौथा घात, आणि तो तर आपल्या अवयवांत आहेच. म्हणजे ही संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाते. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो आपल्या ओळखीच्या १२३४५६७९ चा वर्ग आहे. अशा संख्यांना हर्षद संख्या म्हणतात. हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. मुलाला आनंद झाला होता म्हणालात ना, हर्षद म्हणजे आनंद देणारी.

कापरेकरांचं नाव निघालं की लोक ६१७४ ची गोष्ट सांगू लागतात. ती सगळीकडे सापडते, इथे नको. आपल्या भागातल्या माणसाने दुसरी गोष्ट माहीत करून घ्यावी. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. पुढे फर्ग्युसन कॉलेज, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि मग आयुष्यभर देवळालीला शाळेत मास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. संख्यांच्या ज्या जाती त्यांनी अभ्यासल्या त्यांतल्या एकीला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध माळ, आणि तिच्यातली नववी म्हणजे तुमच्या मुलाच्या वहीतली संख्या. डेम्लो हे नाव एका स्टेशनचं. मुंबईपासून ३० मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर. या संख्यांचा अभ्यास करावा हे त्यांना तिथे सुचलं. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. कळव्याहून धीम्या लोकलने मुंब्रा, दिवा, कोपर आणि डोंबिवली. आज त्या फलाटावर कुणाला काही सुचायला आधी उभं राहायला जागा मिळाली पाहिजे, ती गोष्ट वेगळी.

डेम्लोची आणखी एक खूण आपल्या संख्येत दडली आहे. वर्गमूळ १११ × १००१००१ असं फोडलं होतं. दोघांचे वर्ग वेगवेगळे करा: १११ चा वर्ग १२३२१, आणि १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१. दुसऱ्यात शून्यांच्या आडून तोच १, २, ३, २, १ बघतोय. म्हणजे नऊ थरांचा मनोरा हा तीन थरांच्या दोन मनोऱ्यांचा गुणाकार आहे, एक अंकांचा आणि एक हजारांचा.

शेवटी मला स्वतःला सर्वांत आवडणारी गोष्ट, खास तुमच्या मुलासाठी, कारण नववीपर्यंत पायथागोरस भेटलेला असतो. ज्याच्या कर्णाची लांबी १११११११११ आणि बाकी दोन्ही बाजू पूर्णांक, असा काटकोन त्रिकोण आहे का? इथेही अवयवच उत्तर देतात. कर्णाच्या विषम मूळ अवयवांना ४ ने भागून बाकी पाहायची. बाकी ३ उरली तर तो अवयव तिन्ही बाजूंना सारखाच लागतो, नवा त्रिकोण देत नाही. बाकी १ उरली तरच देतो. ३ ची बाकी ३. ३३३६६७ ची, शेवटच्या ६७ वरून, बाकी ३. ३७ ची बाकी १. म्हणजे सगळी भिस्त ३७ वर. आणि ३७ कर्ण असलेलं पायथागोरसचं त्रिकुट एकच: १२, ३५, ३७ (१४४ + १२२५ = १३६९). १११११११११ भागिले ३७ म्हणजे ३००३००३. त्याने १२ ला आणि ३५ ला गुणा. बाजू आल्या ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. असा त्रिकोण आहे, आणि असा एकच आहे.

पडताळा वहीतच घ्यायला सांगा. ३६०३६०३६ चा वर्ग १२९८५९५८९०५९३२९६, १०५१०५१०५ चा वर्ग ११०४७०८३०९७०६१०२५, आणि बेरीज आपली १२३४५६७८९८७६५४३२१. इथे हातचे भरपूर आहेत, तेव्हा एका खाली एक नीट घरं पाडून मांडायचं. जावास्क्रिप्टवर मात्र करू नका, मोठ्या वर्गाचा शेवटचा ५ तिथे ४ होतो आणि बेरीज पुन्हा ३२० च येते.